भातानंतरचा वाल : झाडाच्या आत राहणाऱ्या जिवाणूंचा इतिहास



आजच्या विषयात जिवाणू आहेत आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला उभा नाही. ते काम करणारी माणसं आपल्याकडे ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत महाविद्यालयांमधून भरपूर आहेत. मला बोलायचं आहे ते एका जुन्या प्रश्नाबद्दल. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असते, हाताखाली असते, हजारो वर्षं तिचा उपयोग होत असतो, तरी ती माणसाच्या ज्ञानात यायला इतका उशीर का लागतो?

निरोगी झाडाच्या मुळात, खोडात, पानात, अगदी बियातसुद्धा जिवाणू राहतात. ते तिथं रोग करत नाहीत. उलट त्यातले बरेच झाडाच्या वाढीला हातभार लावतात. शास्त्रात त्यांना एंडोफाइट म्हणतात, आपण आज ‘अंतर्वासी’ म्हणू. झाडाला रोग पाडणारे जिवाणू विज्ञानाला १८८० च्या सुमारास सापडले. अमेरिकेत इलिनॉय इथं थॉमस बरिल यांनी नासपतीच्या झाडाच्या करपण्यामागे जिवाणू आहे असं दाखवलं. पण निरोगी झाडात राहणाऱ्या जिवाणूंना सन्मानानं स्वीकारायला जवळजवळ आणखी शंभर वर्षं गेली. असं का झालं? माझं उत्तर साधं आहे. ज्याच्यामुळे काही बिघडत नाही, त्याची नोंद होत नाही. हे जिवाणूंना लागू आहे तसं माणसांनाही लागू आहे, आणि आपल्या या परिसराला तर फारच लागू आहे.

आपण घरापासूनच सुरुवात करू. कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर हा सगळा भाताचा मुलूख. आज जिथं तुमच्या इमारतीचं पार्किंग आहे, तिथं दोन पिढ्यांपूर्वी बहुधा खाचर होतं. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर इथला शेतकरी वाल टाकायचा, कुठं हरभरा, कुठं मूग. वेगळं पाणी नाही, खत नाही. थंडीत शेंगा यायच्या, आणि त्याच वालाचं बिरडं डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात शिजायचं. १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड निघाला. त्यातल्या पिकांच्या यादीत वाल आहे. यादीत आहे, एवढंच.

याउलट त्याच शेतातली दुसरी एक पद्धत बघा : राब. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडायच्या, पाला, गवत आणि शेण यांचा थर रोपांच्या जागेवर पसरायचा आणि तो पेटवायचा. मग त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं. राबासाठी फांद्या लागतात, फांद्या जंगलातून येतात, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल सरकारचं झालेलं. भांडण पेटलं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यातल्या लोकांची गाऱ्हाणी इतकी वाढली, की सरकारला १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी कानिटकर वगैरे सहकाऱ्यांना घेऊन राबाचा रासायनिक अभ्यास केला. तो १९१२ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे काय झालं बघा. राबावरून तंटा होता, म्हणून राबावर आयोग आले, अहवाल आले, प्रयोग आले. वालावरून कुणाचं भांडण नव्हतं. तो मुकाट्यानं उगवायचा, शेंगा द्यायचा, आणि त्याचं मूळ जमिनीत कुजून जायचं. इतिहासाचे कागद असे तयार होतात. तंट्याची दप्तरं राहतात, सहवासाची राहत नाहीत.

आता ते वालाचं मूळ जरा उपटून हातात घ्या. त्याच्यावर बारीक गाठी दिसतील. एखादी नखानं फोडली तर आतून गुलाबीसर निघते. ह्या गाठी काही आजच दिसलेल्या नाहीत. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी १६७९ साली शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींचं चित्र काढलं होतं. पण त्यांची समजूत काय झाली? किडीमुळे पानाफांदीवर फुगवटे येतात, तशाच ह्या गाठी असाव्यात. थोडक्यात, काहीतरी बिघाड. पुढे १८६६ साली रशियाच्या वोरोनिन यांना गाठींच्या आत जिवाणूंसारखे कण दिसले. तरी ते तिथं काय करतात हे कळायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिनच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत हेर्मान हेलरीगेल यांनी आपले प्रयोग मांडले. निर्जंतुक केलेल्या वाळूत, नत्र न देता, त्यांनी वाटाणा लावला, तो उपाशी राहिला. त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी घातलं, तर मुळांवर गाठी आल्या आणि झाड तरारलं. ओट किंवा बार्लीला मात्र त्या पाण्याचा असा फायदा झाला नाही. हेलरीगेल आणि त्यांचे सहकारी विलफार्ट यांचा निष्कर्ष असा, की गाठीतले सूक्ष्मजीव हवेतला नत्रवायू पकडतात आणि झाडाला देतात. दोनच वर्षांत, १८८८ साली, हॉलंडच्या बायरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. आज आपण त्याला रायझोबियम म्हणतो.

ह्याच वेळी पॅरिसमध्ये काय चाललं होतं, ते ऐकण्यासारखं आहे. लुई पाश्चर यांनी द्राक्षाच्या आतला रस बारीक काचनळीनं काढून दाखवलं होतं, की फसफसवणारे सूक्ष्मजीव सालीवर असतात, आत नसतात. प्रयोग चोख होता. पण त्यातून एक मोठी समजूत तयार झाली, की निरोगी जीवाचं अंतरंग निर्जंतुक असतं. १८८७ साली व्हिक्टर गालिप यांनी सांगितलं, की आपल्याला भाज्यांच्या आतल्या भागात जिवाणू सापडतात. लगेच पाश्चरच्या परंपरेतून उत्तर आलं. ऑगस्ट फर्नबाख यांनी १८८८ साली लेख लिहिला, त्याचा विषयच मुळी ‘वनस्पतींच्या ऊतींमध्ये सूक्ष्मजीव नसतात’ हा. बाहेरून काही लागलं असेल, हात अस्वच्छ असतील, असा ह्या आक्षेपाचा सूर.

ज्या वर्षी बायरिंक गाठीतला जिवाणू काढून दाखवत होते, त्याच वर्षी पॅरिसमध्ये आत काही नसतं असं छापून येत होतं. दोन्ही गोष्टी एकत्र नांदल्या कशा? तर गाठीला अपवाद मानलं गेलं. घराला एक पाहुण्यांची खोली असावी, तशी शेंगवर्गीय झाडांना ही गाठ. बाकी घर मात्र बंद.

मी त्या लोकांना हसत नाही. त्या काळाची भीती समजून घ्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. जंतू म्हणजे मृत्यू, हे त्या पिढीनं घराघरात पाहिलं. अशा वेळी जंतू आत असून जीव निरोगी असतो, हे वाक्य कानाला विपरीतच वाटणार. शिवाय त्यांची शंका शास्त्रीय दृष्ट्या रास्त होती. मूळ मातीत असतं, माती जिवाणूंनी भरलेली असते. तुम्हाला सापडलेला जिवाणू आतला की बाहेरचा, हे ठरवायचं कसं?

त्याची रीत पुढे बसली आणि ती कुठल्याही महाविद्यालयात करता येईल अशी आहे. मूळ स्वच्छ धुवायचं. अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइट यात ठराविक वेळ बुडवून बाहेरचे सगळे जिवाणू मारायचे. मग निर्जंतुक पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळायचं. शेवटच्या विसळणीचं पाणी पोषक माध्यमावर टाकून बघायचं. त्यात काहीच उगवलं नाही, आणि तेच मूळ कुटून त्याचा रस टाकल्यावर मात्र वसाहती उगवल्या, तर त्या आतल्या. ही शेवटच्या पाण्याची चाचणी मला फार आवडते. आपला आक्षेप आपणच आधी तपासायचा, हा ज्ञानव्यवहारातला प्रामाणिकपणा आहे.

गाठीबाहेरच्या अंतर्वासींना खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका बाईनं. योहाना डोबराइनर. जन्म १९२४, चेकोस्लोव्हाकियातला. महायुद्धानंतर निर्वासित होऊन त्या ब्राझीलला गेल्या आणि रिओजवळ सेरोपेडिका इथल्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. त्यांच्यासमोर एक कोडं होतं. ब्राझीलमध्ये कित्येक ठिकाणी ऊस वर्षानुवर्षं थोडक्या नत्रखतावर येतो आणि जमीन तरी खचत नाही. उसाला तर मूळगाठी नसतात. मग नत्र येतो कुठून? १९८८ साली त्यांनी आणि काव्हालकांती यांनी उसाच्या मुळात आणि खोडात राहणारा एक जिवाणू जाहीर केला. भरपूर साखरेत आणि आंबट रसात मजेत राहणारा आणि तिथंच हवेतला नत्र धरणारा. पुढे त्याचं नाव अॅसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस पडलं. आता नाव बदलून त्याला ग्लुकॉनअॅसिटोबॅक्टर म्हणतात.

हे नाव आपल्या ऊस पट्ट्यातल्या शेतकऱ्याला अजिबात परकं नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं अॅसिटोबॅक्टरचं जिवाणू खत आहे, आणि बेणेप्रक्रियेत उसाचं बेणं त्या द्रावणात बुडवून लावण्याची शिफारस असते. सांगली-कोल्हापूरकडच्या ज्या शेतकऱ्यानं डोबराइनर हे नाव कधी ऐकलं नाही, त्याच्या शेतात त्यांचं काम उभं आहे. अर्थात, ह्या जिवाणूमुळे नत्रखत पूर्ण बंद करता येतं असं नाही. उसाची जात, जमीन, पाणी यांवर फायदा कमीजास्त होतो.

आता हे अंतर्वासी नेमकं करतात काय, ते थोडक्यात सांगतो. आत शिरायची त्यांची वाट साधी असते. मुख्य मुळातून उपमूळ फुटतं तेव्हा सालीला भेग पडते, तिथून बरेच जण आत जातात. काही पानांच्या रंध्रातून जातात, काही बियाबरोबरच येतात. आत गेल्यावर पहिलं काम नत्राचं. हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं घट्ट धरून असतात. झाडाला ती गाठ सोडवता येत नाही. नायट्रोजनेज हे विकर असलेल्या जिवाणूंना ती सोडवता येते. पण त्या विकराला प्राणवायू चालत नाही. म्हणून वालाच्या गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद असलेलं एक द्रव्य प्राणवायूला बेताबेतानं वावरू देतं. मघाशी नखानं फोडलेल्या गाठीचा गुलाबी रंग तो हाच.

दुसरं काम वाढीचं. बरेच जिवाणू इंडोल अॅसिटिक आम्ल हे वाढीचं संप्रेरक तयार करतात, त्यानं मुळं जास्त फुटतात. काही जण मातीत अडकलेलं स्फुरद विरघळवतात, लोह पकडून आणतात. तिसरं काम मला सर्वांत सुरेख वाटतं. झाडाला पाण्याचा ताण पडला, खारं पाणी लागलं, की ते इथिलीन वायू सोडतं. आढीतला आंबा पिकवणारा हाच तो वायू. तो जास्त झाला की मुळाची वाढ खुंटते. काही अंतर्वासी इथिलीन बनण्याआधीचा कच्चा मालच खाऊन टाकतात. झाडाची घाबरगुंडी जरा कमी होते म्हणा ना! आणि चौथं काम, काहींच्या सहवासानं झाडाची रोगप्रतिकाराची तयारी आधीच झालेली राहते.

इथं आपल्या भात-वालाकडे परत येऊ. वालाच्या मुळातला जिवाणू भाताच्या मुळात जाऊन राहू शकेल का? हा प्रश्न हवेतला नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात भात आणि बरसीम घास यांची फेरपालट शतकानुशतकं चालत आली आहे. बरसीमसुद्धा वालासारखा शेंगवर्गीय. युसेफ यान्नी, फ्रँक डाझ्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं, की बरसीमच्या गाठीतला रायझोबियम तिथल्या भाताच्या मुळांच्या आत आपणहून राहतो. भाताला तो गाठी आणत नाही. पण मुळांचा पसारा वाढवतो, आणि त्यामुळे भात मातीतलं अन्न अधिक चांगलं उचलतं. म्हणजे फेरपालट ही नुसती जमिनीची विश्रांती नव्हती. एका पिकाचे सोबती दुसऱ्या पिकाला मिळत होते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे ‘माहीत’ होतं, असं मी म्हणणार नाही. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, हे म्हणणं सोपं असतं आणि त्यात पूर्वजांचा खरा मोठेपणा हरवतो. त्यांना जिवाणू ठाऊक नव्हता. त्यांना हे ठाऊक होतं, की कडधान्य केलेली जमीन पुढच्या पिकाला बरी. १८८९ साली इंग्लंडहून आलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनी हिंदुस्थानभर फिरून १८९३ चा जो अहवाल दिला, त्यात कडधान्यांच्या फेरपालटीची आणि मिश्र पिकांची दखल आहे. हेलरीगेलचा शोध तेव्हा ताजा होता. कसं करायचं ते इथल्या हातांना माहीत होतं, का होतं ते तिकडच्या प्रयोगशाळेला कळलं होतं. तत्त्वज्ञानात आम्ही ह्या दोन ज्ञानांत फरक करतो. पण एक दुसऱ्यापेक्षा हलकं, असं त्यातून निघत नाही. पुढे १९२० साली बिहारमधल्या पुसा इथून एन. व्ही. जोशी यांनी कडधान्यांच्या मूळगाठीतल्या जिवाणूंवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या देशात ही दोन ज्ञानं एकमेकांना भेटू लागली.

पण ती भेट नीट व्हायच्या आतच तिसरा पाहुणा आला : युरिया. जर्मनीत हाबर आणि बॉश यांनी हवेतला नत्र कारखान्यात पकडला. १९१३ साली ओपाऊचा कारखाना सुरू झाला. सुमारे ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडदोनशे पट दाब लागतो त्याला. वालाची गाठ तेच काम थंडीच्या सकाळी चिखलात बसून करते. आपल्या ठाणे खाडीच्या तोंडाशी ट्रॉम्बेला खताचा कारखाना १९६५ साली सुरू झाला. मी कारखान्याच्या विरोधात बोलत नाही. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या, त्यांनी युरियाला नावं ठेवू नयेत. परंतु एक गोष्ट शेतात पक्की दिसते. जमिनीत आयता नत्र भरपूर असला, की शेंगवर्गीय झाड गाठी धरणं कमी करतं. जिवाणूला पोसायला झाडाला साखर खर्च करावी लागते. आयतं मिळाल्यावर ते तो खर्च कशाला करील? सहवास हा गरजेतून टिकतो, हे झाडालाही कळतं.

मग सांगतात, बाटलीतून जिवाणू द्या, पाकिटातून द्या. जरूर द्यावेत. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचं पाकीट, थोडं गुळाचं पाणी, सावलीत सुकवून पेरणी, ही चांगली रीत आहे. २००६ पासून जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, आणि रायझोबियमच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी असाव्यात असा दंडक आहे. पण ‘जिवंत’ ह्या शब्दाकडे लक्ष द्या. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटात तो शब्द उरेलच असं नाही. तारीख बघून घ्यावं. आणि हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, तेव्हा पिकाचं नावही बघून घ्यावं.

शेवटी मला जे सांगायचं आहे ते असं. भाताच्या बियात काही जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या रोपात जातात. म्हणजे शेतकरी जेव्हा आपल्या खाचरातलं बी पुढच्या वर्षासाठी कणगीत राखून ठेवायचा, तेव्हा तो भाताबरोबर भाताचे सोबतीही राखत होता. वाडा कोलमसारख्या वाणाला आता भौगोलिक मानांकन मिळालं, ही आनंदाची गोष्ट. पण वाण म्हणजे नुसता दाणा नव्हे. दाणा, त्याच्या आतले सोबती, ते खाचर आणि त्यानंतरचा वाल, हे सगळं मिळून तो वाण असतो. १८७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या डी बारी यांनी दोन वेगळ्या जीवांच्या एकत्र राहण्याला सिंबायोसिस, म्हणजे सहजीवन, हे नाव दिलं. तेव्हापासून ‘एक झाड’ कशाला म्हणायचं हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाही झाला आहे. झाड मोजायचं तर त्याच्या सोबत्यांसकट मोजावं लागेल.

आणि आपण जमीन मोजतो ती चौरस फुटात. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना, भिवंडीच्या गोदामांखाली, समृद्धी महामार्गाच्या भरावाखाली जी खाचरं गेली, त्यांचे पंचनामे झाले. झाडं मोजली, विहिरी मोजल्या, मोबदले ठरले. मोबदला कमी म्हणून भांडणं झाली, त्यांची दप्तरं राहतील. मातीतल्या आणि बियातल्या ह्या रहिवाशांचा पंचनामा कुणी करत नाही, कारण त्यांची कुणाशी तक्रार नाही.

शहर थांबवा असं मी म्हणत नाही. आपण सगळे इथं शहर झालं म्हणूनच आलो, मीही त्यातलाच. पण मुरबाड आणि शहापूरकडे भातानंतर वाल करणारी शेतं अजून आहेत. आपल्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी आहेत. दर वर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांनी जानेवारीत जावं, शेतकऱ्याला विचारून वालाची चार मुळं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खाचरातल्या भाताची चार मुळं आणावीत. गावाचं नाव, वाणाचं नाव, शेतकरी काय सांगतो ते वहीत उतरावं. मग ते मूळ धुवावं, विसळावं आणि ते शेवटचं पाणी तपासावं. आत कोण राहतं ते लिहून ठेवावं. फार मोठा निधी लागत नाही. लागते ती नोंद करण्याची इच्छा. आणि ती नोंद खाचर आहे तोवरच करता येईल.